बॅकलॅश बरोबर, तरी एक्सल घुमतोय: क्राउन-पिनियन बदललेल्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदारांची, डिझेल पिकअप. जाताना टॉवेल आणि चादरींच्या गाठी पुण्याला न्यायच्या, येताना मिळेल तो परतीचा माल आणायचा. एका बाजूचं अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आणि राष्ट्रीय महामार्ग ६५ बराचसा सपाट. मागच्या एक्सलमधलं मूळ क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाचा फेर चाकांकडे वळवणारी मोठ्या-लहान गिअरांची जोडी, ८-४१ होतं, म्हणजे पिनियनला ८ दात, क्राउनला ४१, गुणोत्तर ५.१२५. चढ आणि जड ओझं यांसाठी ते उत्तम, पण सपाट रस्त्यावर तासन् तास इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं. म्हणून मालकांनी ९-४१ चा, म्हणजे ४.५५६ गुणोत्तराचा संच बसवून घेतला. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे ११ टक्क्यांनी कमी होतात. चाकावरची ओढही तेवढीच कमी होते, म्हणून तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी एक गिअर खाली घ्यावी लागणार, हे त्यांना माहीत होतं. हिशेब म्हणून बदल चुकीचा नव्हता.

संच गाडीच्या कंपनीचा नव्हता, बाहेरच्या बनावटीचा होता. पण क्राउन आणि पिनियनवरचे जोडी क्रमांक जुळत होते, आणि ते फार महत्त्वाचं. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर फिरवून, घासून जमवलेली असते. क्रमांक वेगळे निघाले असते तर पुढची कुठलीही शिम, म्हणजे अंतर जुळवायची पातळ चकती, कामाला आली नसती.

बसवणाऱ्या मिस्त्रींनी पिनियनची बेअरिंगं नवी घातली, बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळी जागा, डायल गेज लावून मोजला आणि ऑइल जीएल-५ प्रतीचं भरलं. अंदाजपंचे काम नव्हतं ते. गाडी संध्याकाळी मिळाली आणि त्याच रात्री पूर्ण भरून पुण्याला गेली.

तक्रार

परतीच्या वाटेवरच चालकाने कळवलं की मागून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येतोय. ६० ते ६५ च्या दरम्यान रेस देऊन गाडी खेचत असताना आवाज मोठा. रेस सोडली की तो थांबतो, पण वेग ५० वर आला की वेगळ्या सुरात पुन्हा उठतो आणि ४५ च्या खाली विरतो. दुसरी तक्रार मालकांची: एवढा खर्च करून अॅव्हरेज वाढलंच नाही, उलट थोडं घटलं.

मधल्या काळात दुसऱ्या एका ठिकाणी मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग बदलून झालं. आवाजात काही फरक पडला नाही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कार्यशाळेत गाडी आली तेव्हा नवा संच १,४०० किलोमीटर चालला होता, त्यातलं निम्म्याहून अधिक अंतर ओझ्यासह.

रस्त्यावरची तपासणी

पहिली गोष्ट उलगडली ती वेगाची. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो. गुणोत्तर बदललं की त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट कमी फिरतो, म्हणून काटा कमी दाखवतो. फोनमधल्या जीपीएसशी पडताळल्यावर काट्यावरचे ६२ म्हणजे खरे ७० निघाले. म्हणजे आवाजाचा पट्टा ६०-६५ नव्हता, ६८ ते ७३ होता, आणि रेस सोडल्यावरचा ५१ ते ५६. अॅव्हरेजचं कोडंही इथेच सुटलं. किलोमीटर मोजणारा आकडाही तितकाच मागे पडत होता. टाकी भरून काढलेलं ११ चं अॅव्हरेज प्रत्यक्षात १२.४ च्या आसपास होतं. मालकांचा अर्धा राग त्या हिशेबाने शांत झाला.

चाचणीसाठी हैदराबाद रोडचा मोकळा पट्टा निवडला. एकाच जागी, एकाच खऱ्या वेगाला चार अवस्था तपासल्या: गाडी खेचताना, वेग स्थिर धरताना, रेस पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच ठेवताना, आणि न्यूट्रल करून नुसती घरंगळताना. चौथी अवस्था सगळ्यात जास्त सांगून जाते. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच राहिला तर संशय टायर किंवा चाकाच्या बेअरिंगवर जातो, कारण त्यांना रेसशी देणंघेणं नसतं. इथे न्यूट्रलमध्ये आवाज जवळजवळ नाहीसा झाला. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली, तरी सूर बदलला नाही. चाकाचं बेअरिंग खराब असेल तर वजन त्या बाजूला जाताच गुरगुर वाढते. ही दोन परीक्षणं दहा मिनिटांची आहेत. ती आधी झाली असती तर तीन बेअरिंगांचा खर्च वाचला असता.

नंतर फोनवर ध्वनीची वारंवारता दाखवणारं अॅप लावलं. गणित सोपं आहे. टायरचा प्रत्यक्ष घेर २.१४ मीटर. ७० च्या वेगाला चाक सेकंदाला ९.१ फेरे घेतं, त्याला क्राउनच्या ४१ दातांनी गुणलं की सुमारे ३७२ हर्ट्झ येतात. पिनियनकडून मोजलं तरी उत्तर तेच: सेकंदाला सुमारे ४१.४ फेरे गुणिले ९ दात. अॅपवर ३७० च्या आसपास एकच टोकदार शिखर दिसत होतं आणि वेगाबरोबर ते सरकत होतं. प्रोपेलर शाफ्टचा असमतोल असता तर तो ४१ हर्ट्झवर, शाफ्टच्या सांध्यातल्या जॉइंट क्रॉसचा दोष त्याच्या दुप्पट म्हणजे ८३ च्या आसपास दिसला असता. ते दोन्ही कानापेक्षा बुडाला आणि पायाला जास्त जाणवतात. आवाज दातांच्या भिडण्याचाच आहे, हे आता नक्की झालं.

हा आवाज पिनियन खोल बसल्याने येतोय की वर राहिल्याने, हे मात्र कानाने ठरवायचं नाही. रेसवर आवाज म्हणजे अमुक, रेस सोडल्यावर म्हणजे तमुक, असे ठोकताळे सगळीकडे ऐकायला मिळतात आणि ते एकमेकांना छेद देतात. त्यासाठी दात एकमेकांवर कुठे टेकतात त्याचा ठसाच घ्यावा लागतो.

उघडण्याआधीची मापं

इथला निर्णय धीराचा होता. मालकांना गाडी लवकर हवी होती आणि डिफरन्शियल, म्हणजे क्राउन-पिनियन ज्यात बसतं तो भाग, उतरवून थेट शिम बदलायचा मोह होता. पण बोल्ट सैल होताच आहे त्या बसवणीचा पुरावा नष्ट होतो. म्हणून अर्धा दिवस फक्त मोजण्यात घालवला.

ऑइल निथळलं. चुंबकावर बारीक करडा लगदा होता. नव्या संचात तो चालतो. टवके किंवा चकचकीत सुया नव्हत्या. प्रोपेलर शाफ्ट सोडून पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, डायल गेज लावला आणि फ्लँज आत-बाहेर ढकलून पाहिली. ०.०६ मिमी खेळ मिळाला. तिथे खेळ शून्य असायला हवा, कारण पिनियनची दोन्ही बेअरिंगं एकमेकांविरुद्ध दाबून बसवलेली असतात.

मग डिफरन्शियल खाली घेऊन बाकावर बॅकलॅश चार ठिकाणी मोजला: ०.१८, ०.२०, ०.१७, ०.१९. या एक्सलला ०.१५ ते ०.२० चालतो. क्राउनच्या पाठीचा डगमग ०.०४, तोही मर्यादेत. म्हणजे आधीच्या मिस्त्रींनी जे मोजलं होतं ते बरोबरच होतं. त्यांचा विश्वास बसला तो याच आकड्यावर.

ठसा काय सांगत होता

क्राउनच्या चार-पाच दातांना दोन ठिकाणी पिवळी मार्किंग पेस्ट पातळ लावली. क्राउनला लाकडी पाचर दाबून विरोध दिला आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवलं. असा विरोध दिला नाही तर ठसा पुसट येतो आणि फसवतो. जुने कारागीर तेलात शेंदूर कालवून हेच काम करत आणि ठसा चांगलाच उठतो. मात्र शेंदरात शिसं असतं, त्यामुळे तो उघड्या हाताने लावू नये.

खेचण्याच्या बाजूला, म्हणजे दाताच्या फुगीर अंगावर, ठसा दाताच्या मुळाशी आणि आतल्या टोकाकडे सरकलेला होता. उलट बाजूच्या खोलगट अंगावर तोही मुळाशीच, पण बाहेरच्या टोकाकडे. दोन्ही बाजूंना मुळाशी, आणि टोकं विरुद्ध: पिनियन प्रमाणाबाहेर आत बसल्याचा हा सरळ पुरावा.

मग बॅकलॅश बरोबर कसा? या प्रकरणाचं मर्म इथे आहे. बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळी जागा, आणि ती दोन गोष्टींनी ठरते: पिनियन किती खोल आणि क्राउन किती जवळ. पिनियन जास्त आत गेलं तर जागा कमी होते. मिस्त्री क्राउन थोडा दूर सारतात आणि जागा पुन्हा ०.१८ होते. गेज समाधानी, पण दात मात्र चुकीच्या उंचीवर भिडतात. बॅकलॅश हा जागेचा आकडा आहे. दात कुठे टेकतात ते त्यातून कळत नाही.

पिनियन आत का गेलं तेही मापांतून निघालं. पिनियनच्या डोक्यावर कोरलेला आकडा त्या नगाने नमुन्याच्या अंतरापासून किती सरकून बसायचं ते शंभरांश मिलिमीटरमध्ये सांगतो. जुन्या पिनियनवर उणे २, नव्यावर अधिक ७. दोन्हीकडे अधिक म्हणजे पिनियन बाहेर, हे कागदपत्रांवरून पडताळून घेतलं. सगळे बनवणारे चिन्हाचा एकच अर्थ धरतीलच असं नाही, म्हणून ही पडताळणी सोडू नये. फरक ९, म्हणजे शिम ०.०९ मिमीने पातळ हवी होती. शिवाय नवं मोठं बेअरिंग कपात बसवून सपाट पाटावर मोजलं तर २९.३० भरलं. जुनं २९.२६ होतं. तेही ०.०४ ने पिनियन आत ढकलत होतं. मिस्त्रींनी मात्र जुनीच १.४२ ची शिम परत घातली होती. एकूण चूक ०.१३ मिमी. हायपॉइड दातांसाठी, म्हणजे अक्ष एकमेकांना न छेदणाऱ्या अशा गिअरांच्या दातांसाठी, ती खूप मोठी आहे.

फ्लँजच्या खेळाचं कारण वेगळं निघालं. दोन बेअरिंगांमधली चेपली जाणारी स्लीव्ह जुनीच वापरली होती, कारण संचाबरोबर नवी आली नव्हती. एकदा चेपलेली स्लीव्ह पुन्हा नटला तसा विरोध करत नाही. बसवताना दाब ठीक वाटतो, पण नवे रोलर शे-दोनशे किलोमीटरमध्ये बसले की तो निघून जातो. गाडी खेचताना दातांचा जोर पिनियनला बाहेर लोटतो, रेस सोडल्यावर आत ओढतो. आधीच ०.१३ आत असलेलं पिनियन रेस सोडताच आणखी ०.०६ आत जात होतं. दुसऱ्या सुराचं मूळ ते होतं.

समोरचे पर्याय

जाड १४० नंबरचं ऑइल आणि वर आवाज दाबणारं रसायन टाकावं, असा सल्ला मालकांना बाजारात मिळाला होता. आवाज त्याने थोडा मऊ झाला असता, दात मुळाशी झिजतच राहिले असते. हा पर्याय लगेच बाद झाला.

जुना ८-४१ संच पोत्यात जपून ठेवलेला होता, तो परत बसवता आला असता. पण त्यालाही नवी बेअरिंगं आणि तेवढीच मेहनत लागणार, आणि इंधनाचा फायदा जाणार.

खरा विचार दोन पर्यायांत होता: हाच संच नव्या शिमवर बसवायचा, की नवा संच घ्यायचा. चुकीच्या उंचीवर १,४०० किलोमीटर चाललेल्या दातांनी तिथे आपली वाट पाडलेली असते. ठसा नंतर मध्यावर आणला तरी जुन्या वाटेची कड कधी कधी आवाज करतच राहते. म्हणून प्रत्येक दात भिंगाखाली पाहिला आणि नख फिरवून तपासला. खेचण्याच्या बाजूला चकाकी होती, पायरी नव्हती. उलट बाजूला बाहेरच्या टोकाजवळ काही दातांवर नखाला अगदी हलकी कड लागत होती. दात निळे पडलेले नव्हते, म्हणजे उष्णतेने पोलाद मऊ झालं नव्हतं.

मालकांना स्पष्ट सांगितलं: "शेठ, खेचतानाचा आवाज जाईल असं वाटतंय. रेस सोडल्यावरचा पूर्ण जाईल याची हमी नाही." पुन्हा बसवण्याचा खर्च नव्या संचाच्या पाव हिश्श्यात होता. त्यांनी तोच मार्ग घेतला.

काम

जुन्या बेअरिंगचं भोक आतून घासून ते पिनियनवर हाताने सरकेल इतकं ढिलं केलं, म्हणजे प्रत्येक शिम बदलताना बेअरिंग पुलरने ओढावं लागत नाही. अशा ढिल्या बेअरिंगवर आधी १.३० ची शिम लावून पाहिली. ठसा मध्याच्या किंचित वर, दाताच्या माथ्याकडे गेला. १.३३ लावल्यावर तो उंचीच्या मध्यावर आला. पिनियन बाहेर आल्याने बॅकलॅश वाढला होता. तो बाजूच्या चुडीदार रिंगा एक खाच इकडून सोडून तेवढीच तिकडून आवळत ०.१७ वर आणला.

इथे कार्यशाळेकडूनही चूक झाली. शेवटच्या जोडणीत १.३३ ची तीच शिम ठेवून नवं बेअरिंग प्रेसने बसवलं गेलं. ढिलं बेअरिंग २९.२६ चं आणि नवं २९.३० चं, हा फरक वजा करायचा राहिला. ठसा पुन्हा मुळाकडे उतरला तेव्हा चूक लक्षात आली. बेअरिंग ओढून काढताना त्याची जाळी वाकली आणि एक नवं बेअरिंग वाया गेलं. त्याचा भुर्दंड कार्यशाळेने सोसला. योग्य शिम १.२९ हवी होती. मिळणाऱ्या मापांत जवळची १.३० होती, ती घातली. ठसा दोन्ही अंगांवर मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे आला. तो तसाच हवा, कारण ओझं आल्यावर दात थोडे लवतात आणि ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो.

पिनियनचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या बेअरिंगांवरचा आधीच दिलेला दाब, क्राउन बसवण्याआधी, बेअरिंगांना ऑइल लावून घेतला. स्लीव्ह नवी, नट नवा, सील नवं. नट हवेच्या गनने नाही, लांब दांड्याने, थोडा थोडा आवळत आणि दर वेळी मोजत. फ्लँजवर ५ सेंटीमीटर त्रिज्येला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढलं. पिनियन एकसारखं फिरत असताना काटा ४ किलो दाखवतो तेव्हा ते साधारण २ न्यूटन-मीटर होतात. नवीन बेअरिंगांसाठी या एक्सलला तेवढाच हवा. फिरायला सुरुवात होतानाचा झटक्याचा आकडा धरायचा नाही. नट जास्त आवळला गेला तर मागे सोडून भागत नाही. स्लीव्ह नवीच घालावी लागते, म्हणून शेवटचे दोन-तीन अंश श्वास रोखून करावे लागतात.

क्राउनचे बोल्ट लॉकिंग द्रव लावून आडव्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले, बाजूच्या बेअरिंगांचा दाब पुस्तिकेप्रमाणे दिला, बॅकलॅश पुन्हा चार ठिकाणी मोजला: ०.१६ ते ०.१८. नवं जीएल-५ ऑइल भरलं. गिअरबॉक्सचं जीएल-४ इथे चालत नाही, कारण हायपॉइड दात एकमेकांवर घसरतही असतात आणि त्या घसरणीला जीएल-५ मधली जास्तीची द्रव्यं लागतात.

निकाल

एप्रिलची दुपार होती, हवा ४० अंश. रिकामी गाडी बोरामणीपर्यंत नेऊन परत आणली, वेग ६० च्या आत ठेवून आणि अधूनमधून रेस सोडत. एक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ७८ अंशांवर गेलं. अर्धा तास थांबून दुसरी फेरी, मग तिसरी. तिसऱ्या फेरीला ६६ अंश. पुढचे ५०० किलोमीटर अर्धंच ओझं, आणि ८०० किलोमीटरला ऑइल बदललं.

खेचतानाचा आवाज गेला. त्याच जागी, त्याच वेगाला अॅपवरचं ३७० चं शिखर १४ डेसिबलने खाली आलं होतं आणि केबिनमध्ये ते इंजिनाच्या आवाजात मिसळून गेलं. रेस सोडल्यावर ५१ ते ५६ मधली बारीक गुणगुण राहिली, पहिल्यापेक्षा ५ डेसिबलने कमी. नखाला लागलेली कड ती हीच. ६,००० किलोमीटरनंतर पुन्हा तपासलं तेव्हा ती वाढली नव्हती, फ्लँजचा खेळ शून्य होता आणि चुंबक जवळजवळ स्वच्छ.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी जुना संच काढतानाच हुकली. तो न कुरकुरता चालत होता. त्याचा ठसा, शिमचं माप, पिनियनवरचा आकडा आणि बेअरिंगची उंची तेव्हाच कागदावर घेतली असती, तर नव्या पिनियनची शिम दोन वजाबाक्यांत निघाली असती. सुदैवाने मालकांनी जुने भाग पोत्यात जपले होते. ते भंगारात गेले असते तर सुरुवातीची शिम अंदाजाने धरावी लागली असती.

पहिल्या मिस्त्रींनी ठसा घेतला असता तर गाडी बाहेरच पडली नसती. पेस्टची एक छोटी नळी आणि अर्धा तास, एवढंच. नवी स्लीव्ह संचाबरोबर आली नाही तेव्हा काम थांबवून ती मागवायला हवी होती.

मालकांच्या बाजूने चूक पहिल्या रात्रीची. नवे दात पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत एकमेकांवर बसतात. तेव्हाच पूर्ण ओझं आणि अडीचशे किलोमीटरची सलग धाव दिली तर ते गरजेपेक्षा जास्त तापतात. आवाज आला तेव्हाच गाडी थांबवली असती, तर उलट बाजूची ती कड बहुधा पडलीच नसती. तेवढ्या एका निर्णयाची किंमत म्हणून गुणगुण राहिली.

कार्यशाळेनेही आता रीत बदलली आहे: ढिल्या बेअरिंगवर त्याची उंची कोरून ठेवलेली असते, आणि शेवटची शिम लावण्याआधी दुसऱ्या माणसाने वजाबाकी तपासायची. हाउसिंगवर एक पत्रा बसवून त्यावर ९-४१, शिम १.३०, बॅकलॅश ०.१७ असं ठोकलं आहे, पुढच्या कारागिरासाठी.

बदललेल्या गुणोत्तराला जुळणारं स्पीडोमीटरचं छोटं गिअर अजून मिळालेलं नाही. तोवर डॅशबोर्डवर मालकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ५३ म्हणजे ६०, ७१ म्हणजे ८०.